लॅक्लनची दक्षिण

१९ जून, बुधवार

पंधरा-वीस दिवस झाले, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ आहे आणि गारठा असा की दोरीवरचा टॉवेल फळीसारखा उचलून आणावा लागतो. आमच्याकडे जून म्हणजे हिवाळ्याचं तोंड, आणि मे संपता संपता पडलेला बर्फ जेमतेम गुडघाभर. सावलीत तर तो आता साखरेसारखा दाणेदार झालाय. मुठीत वळत नाही, बोटांमधून सांडतो. लॅक्लन सकाळपासून त्याच्याकडे रागाने बघत अंगणात उभा होता. मी म्हटलं, "अरे, बर्फ आहे तो, जावई नाही."

"जावई परवडला," तो म्हणाला. "जावयाच्या पोटात काय आहे ते दोन बिअर पाजल्या की कळतं. याच्यासाठी खणावं लागतं."

त्याचं म्हणणं, ही साखर पुढे नडणार. तिच्यावर मोठा बर्फ पडला, वाऱ्याने तो दाबून बसवला, की त्याची लादी होते. लादीखाली साखर असली की लादी जागेवर राहत नाही. बोलताना त्याने टेबलावर एका तळहातावरून दुसरा तळहात सरकवून दाखवला. तीस वर्षं हे तळहात बघतेय मी. तरी दर हिवाळ्यात तो पहिल्यांदा सांगितल्यासारखं सांगतो आणि मी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकते. संसार म्हणजे आणखी काय असतं?

सकाळी सातला बूटघरातल्या, दोन्हीकडून बोलता येणाऱ्या रेडिओवर त्याने हेच सांगितलं. आमचं घर खोऱ्यातलं शेवटचं, रस्ता आमच्या फाटकाशी संपतो. पुढे नुसते डोंगर. वर जाणारे सगळे, मग ते थार, म्हणजे रानटी डोंगरी बकऱ्या, मारायला आलेले शिकारी असोत, स्कीवाले असोत की मेंढ्यांमागे जाणारे, सातला कान लावून बसतात. लॅक्लन कुठल्या उताराला जा म्हणेल तिकडे जातात, जाऊ नका म्हणेल तिकडे जात नाहीत. सरकारी अंदाज असतो, पण तो सगळ्या पर्वतरांगेला एकच टोपी घालतो. आमच्या खोऱ्याचं डोकं वेगळं आहे.

बोलून झाल्यावर तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "मी बोललो का आज?"

"तू न बोलता कधी राहिलायस?" मी म्हटलं. दोघं हसलो.

१ जुलै, सोमवार

अखेर आला. वायव्येचा वारा दोन दिवस छपरावर नाचत होता आणि मागोमाग बर्फ. कुंपणाचे खांब अर्धे गेले. आमची लेक पिप ड्युनेडिनहून सुट्टीला येऊन थडकली, वाटेत दोनदा गाडीला साखळ्या बांधाव्या लागल्या म्हणून चिडलेली. मुलगी औषधांच्या दुकानात काम करते आणि घरात शिरल्या शिरल्या सगळ्यांच्या तोंडाकडे रोगी असल्यासारखं बघते. मी तिला चीझ रोल भाजून दिले, मग ठिकाणावर आली.

लॅक्लन शुक्रवारी ट्वायझेलला पाव, लोणी आणि कंदिलाचं तेल आणायला गेला होता. घेऊन आला फावडं. घरात दोन फावडी आहेत. म्हटलं, "पावाला हे लावून खायचं का?" तो म्हणाला, "हिवाळा मोठा आहे, नोएलीन. लागेल." पिप हसली नाही. तिला विनोद कळायला नेहमीच वेळ लागतो.

९ जुलै, मंगळवार

आजचं काय लिहावं, मला अजून नीट कळलेलं नाही.

आमच्या खोऱ्यात लोक ऊनबाजू आणि अंधारबाजू म्हणतात. आमच्याकडे ऊन उत्तरेकडून येतं, म्हणून उत्तरेकडे तोंड केलेले उतार ऊनबाजू, दक्षिणेकडचे अंधारबाजू. माझा आजा असंच म्हणायचा, मेंढ्याही बहुतेक असंच म्हणत असतील. फक्त लॅक्लन दिशा बोलतो. "धंद्यातली माणसं उत्तर-दक्षिण बोलतात. ऊन काय, ढग आला की जातं." बर्फाच्या उतारांवर माणसं फिरवायचा धंदा त्याने बावीस वर्षं केला, आणि दर वर्षी दोन हिवाळे. इथला संपला की कॅनडात, तिथला संपला की इथे. बावीस वर्षं माणसाने उन्हाळा पाहिला नाही. आमचं लग्न टिकलं ते त्यामुळेच, असं माझी बहीण म्हणायची.

तर आज सकाळी तो रेडिओवर म्हणाला, उत्तरेचे उतार टाळा, दक्षिणेचे घट्ट बसलेत. राविरी ते ऐकून अंधारबाजूने वर गेला. राविरी शेजारच्या मेंढपाळीवर काम करतो, हिवाळ्यात शिकाऱ्यांच्या हटची, म्हणजे डोंगरावरच्या मुक्कामाच्या खोपटाची, देखभाल बघतो. त्याला स्कीवर उभं राहायला लॅक्लननेच शिकवलं, म्हणून तो त्याला बापाच्या मानाने मातुआ म्हणतो. दुपारी तो आमच्या दारात आला तेव्हा ओठ पांढरे होते.

"मातुआ," तो म्हणाला, "पायाखाली धप्प झालं. सगळा उतार एकदम खाली बसला, आणि माझ्या स्कीपासून चीर निघाली ती पार खडकापर्यंत. उतार जरा मंद होता म्हणून सुटला नाही. तुम्ही दक्षिण घट्ट म्हणालात ना?"

"मी उत्तर म्हणालो," लॅक्लन म्हणाला.

"नाही, दक्षिण. आंटीला विचारा."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी ऐकलं होतं ते दक्षिणच. म्हटलं तसं. लॅक्लन चहा ढवळता ढवळता कपाळावर हात मारून म्हणाला, "कॅनडा!"

मग सगळ्यांना उलगडा झाला. तिथे ऊन दक्षिणेकडून येतं. तिथली दक्षिण म्हणजे आपली ऊनबाजू. बावीस वर्षं जीभ दोन्हीकडे वळली, एखाद दिवशी चुकीच्या बाजूला पडली, एवढंच. राविरीही हसला. "मातुआ, तुमची दक्षिण विमानतळावर राहिली वाटतं."

"सामानात द्यायची विसरलो," लॅक्लन म्हणाला.

कॅनडा सोडून त्याला चार वर्षं झाली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून. पण सवय हाडात मुरते. मला वाटतं, मुरते.

१२ जुलै, शुक्रवार

काल पुन्हा तेच. उत्तर नको, दक्षिण चालेल. आज पुन्हा. राविरीने रेडिओवर विचारलं, "मातुआ, ही कॅनडाची दक्षिण की आपली?" मागे कुणीतरी खो खो हसलं. लॅक्लनने खटकन् बटन बंद केलं आणि पुढचा तासभर घोरपडीसारखा खुर्चीला चिकटून बसला.

मी विचारलं, "तू ऊनबाजू-अंधारबाजू का म्हणत नाहीस? भांडण मिटेल."

"बावीस वर्षं मी दुसऱ्यांना दिशा शिकवल्या. आता मेंढ्यांच्या भाषेत बोलू?"

मग खोऱ्याने आपला आपण तोडगा काढला. तो दक्षिण म्हणाला की उत्तर समजायचं, उत्तर म्हणाला की दक्षिण. आज दुकानात तीन जणांनी मला हेच सांगितलं, मीच शोध लावला असल्यासारखं. सोपं आहे. उलटा घातलेला स्वेटर उलटाच आहे हे एकदा कळलं की त्रास नाही.

१४ जुलै, रविवार

पिप भांडी पुसताना म्हणाली, "मम, डॅड जेसला मोस का म्हणतो?"

मोस आमचा आधीचा, जेसच्या आधीचा कुत्रा. जाऊन सहा वर्षं झाली. मी म्हटलं, "काळा कुत्रा, पांढरा पट्टा. मीही म्हणते कधी कधी." मी म्हणत नाही. मग का सांगितलं तसं, कोण जाणे.

"आणि मी कधी परत जाणार हे त्याने मला आज चारदा विचारलं."

"त्याला तू जाऊ नयेस असं वाटतं. बाप आहे तो. तुझी औषधांची बाटली नाही, लेबल वाचायला."

ती पुसायचं थांबली. "मी लेबल वाचत नाहीये, मम. विचारतेय."

मग मी बडबडले, हल्लीच्या पोरांना आईबापात फक्त आजार दिसतो वगैरे. ती पुन्हा पुसायला लागली. तिला गप्प केल्याचं मला बरं वाटलं नाही, पण बोलून तर गेले होते. जेवताना लॅक्लनने तिच्या ताटात स्वतःचा मटणाचा तुकडा ठेवला, ती लहान असताना ठेवायचा तसा. म्हणजे सगळं लक्षात आहे त्याच्या. मी पिपकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

१९ जुलै, शुक्रवार

दोन दिवस पाऊस. जुलैत पाऊस, आणि कोमट! वर उंचावर तो बर्फ म्हणूनच पडला असणार, ओला आणि जड. काल संध्याकाळी वारा फिरून दक्षिणेचा, गारठ्याचा झाला आणि सगळं कडक गोठलं. अंगणात मी दोनदा घसरले.

लॅक्लन सकाळीच फावडं, सळई घेऊन वर गेला, दोन्ही बाजूंना खड्डे खणून बघतो म्हणाला. गुडघा असा असताना! परतला तेव्हा गाल लाल, डोळे चमकत होते. पंचवीस वर्षांनी लहान दिसत होता. बूट काढता काढता मला सगळं सांगत होता, लादी किती जाड, साखर कुठे, किती टिचक्यांना सुटली. मला अर्धं कळलं. पण इतका आनंदात तो महिनाभर दिसला नव्हता, म्हणून सगळं कळल्यासारखी मान हलवत राहिले.

२० जुलै, शनिवार

आम्ही दोघं हॉस्पिटलातून आत्ता परतलो. दुपार सगळी लिहून काढते, नाहीतर डोक्यात गुंता होईल. झालाच आहे.

सकाळी सातला लॅक्लन रेडिओवर अगदी सावकाश, शब्द न् शब्द सुटा करून बोलला. उत्तरेचे उतार पावसाने भिजून घट्ट गोठलेत, बिनधास्त जा. दक्षिणेला पाऊल टाकू नका, खालची साखर तशीच आहे आणि वर नवं ओझं आलंय.

राविरी आणि पिप वरच्या हटवर गॅसच्या टाक्या आणि शिधा पोचवणार होते. सोमवारी शिकारी यायचे आहेत. हटला दोन वाटा. ऊनबाजूने सोंडेवरून जायचं तर लांबचा वळसा, अंधारबाजूने घळीतून जवळ. दोघांच्या छातीवर बीपर होते, एक बर्फाखाली गेला तर दुसऱ्याला अंतर आकड्यात दाखवणारे. राविरी फाटकाशी पाठपिशवीला टाक्या बांधत होता. म्हणाला, "मातुआ म्हणतात उत्तर घट्ट. म्हणजे आपली अंधारबाजू. पटतं. अंधारात गोठतं जास्त."

पिप म्हणाली, "डॅडला नीट विचारायचं का?"

मी आत गेले. लॅक्लन पॉरिजमध्ये साखर घालत होता. म्हटलं, "तू म्हणालास ती दक्षिण कुठली?"

"दक्षिण म्हणजे दक्षिण!" त्याने चमचा आपटला. "जिथे कायम होती तिथेच आहे. तुम्हा सगळ्यांना झालंय काय?"

त्याचा राग इतका खरा होता की मला लाज वाटली. पुन्हा विचारलं नाही. बाहेर येऊन मी पिपला सांगितलं, "बापाची दक्षिण म्हणजे आपली उत्तर, तीच टाळायची. घळीतून जा, दुपारच्या आत परत याल." हे मी सांगितलं. राविरीने नाही, लॅक्लनने नाही. मी.

उतार सुटला तेव्हा मी कोंबड्यांना दाणे टाकत होते. आवाज आला तो वीज पडल्यासारखा नव्हता. लांब कुणीतरी मोठं कपाट फरफटत नेल्यासारखा. कोंबड्या गप्प झाल्या. मग बूटघरातून राविरीचा आवाज, "मातुआ, मातुआ, पिप खाली गेली. मला दिसत नाही ती."

दाण्यांचं भांडं घेऊन मी दारात उभी. आणि लॅक्लन त्या रेडिओपाशी बसला आणि असा बोलला की जणू कुणी त्याला वाचून दाखवत होतं. "राविरी, श्वास घे. वर बघ, आणखी काही लोंबतंय का? नाही? बीपर शोधावर टाक. आकडा सांग. आणखी खाली ये. आता सांग. डावीकडे. आता वाक, बर्फाला टेकव. सळई टाक. लागलं का काही? मग तिच्या अंगावर उभा राहू नकोस, उताराच्या खालच्या बाजूने आत खण. आधी तोंड." मध्येच दुसऱ्या वाहिनीवर हेलिकॉप्टरला सांगितलं, वारा कुठून आहे, कुठल्या खडकामागे उतरा, घळीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात अजून लादी अडकलीय, तिच्याखाली पंखे फिरवू नका. एकदाही अडखळला नाही. एकही दिशा चुकला नाही.

राविरी ओरडला, "तोंड मोकळं! श्वास आहे! शिव्या देतेय!"

लॅक्लनने कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि टेबलावर डोकं टेकून रडला. मी त्याला धरलं. मी अजून भांडं सोडलं नव्हतं, दाणे सगळे त्याच्या मानेवर सांडले.

पिपचं गळपट्टीचं हाड मोडलंय, दोन बरगड्या. टिमारूच्या हॉस्पिटलात आहे. राविरी तिच्यापाशी थांबलाय. मला बघून ती म्हणाली, "डॅड बरोबर होता, मम." म्हटलं, "हो." मी तिच्या पायांपाशी बसून राहिले आणि ते पाय चोळत राहिले, गरम होते तरी.

घरी आलो. मी सूप गरम केलं. लॅक्लनने दोन घोट घेतले, खिडकीतून रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पिप आज येणार होती ना? फोन कर तिला. रस्ता गोठलाय, सावकाश ये म्हणावं."

धक्क्याने होतं माणसाचं असं. मी म्हटलं, करते.

२१ जुलै, रविवार

धक्क्यानेच.

२५ जुलै, गुरुवार

पिप मंगळवारी घरी आली, हात झोळीत. दोन दिवस नीट बोलली, आज म्हणाली, "डॅडला डॉक्टरकडे न्यायला हवं."

मी मग सुटले. म्हटलं, तो बरोबर होता! त्या दिवशी अख्ख्या खोऱ्यात एकटा तो बरोबर होता आणि आपण सगळे शहाणे उलट अर्थ लावत बसलो. तुला मी पाठवलं त्या घळीत. त्याने स्पष्ट सांगितलं होतं. डॉक्टरकडे न्यायचं तर मला ने.

"मम, आधीचे तीन दिवस तो चुकला होता."

"आणि नंतर सुधारला!"

"ते सुधारणं नाही गं." ती झोळीतला हात सांभाळत खाली बसली. "एक दिवस बरोबर, एक दिवस चूक, आणि कुठला कुठला ते त्यालाही कळत नाही. मला त्याचीच भीती वाटते. नेहमी चुकला असता तर आपण उलट करून चालवलं असतं."

मी म्हटलं, तू त्याला तुझ्यापेक्षा जास्त ओळखतेस का? वाक्यच उलटं पडलं माझं. दोघी हसलो, मग ती रडली. मी रडले नाही. कपडे वाळत घालायला गेले.

मला खरंच कळत नाही. रेडिओवर पोरीला बर्फातून शब्दाने बाहेर काढणारा माणूस आणि घरात तिसरं फावडं आणणारा माणूस, यातला आजारी कुठला?

२८ जुलै, रविवार

आठवडाभर सातला रेडिओ झालाच नाही. लॅक्लन बूटघरात जातो, बसतो, बटन दाबत नाही. विचारलं तर म्हणतो, "आज सांगण्यासारखं काही नाही." आणि बाहेर दर दिवशी वारा नवं काहीतरी रचून ठेवतोय.

राविरी आला होता. टोपी हातात फिरवत बसला. "आंटी, काल दोन स्कीवाले घळीच्या तोंडापर्यंत गेले होते. मी मागे पळत जाऊन परत आणले. कुणीतरी बोलायला हवं. तुम्ही बोला."

"मी? मला बर्फातलं काय कळतं? मी फक्त त्याची धुणी धुतली."

"तुम्ही बोलाल ते लोकांना कळेल. अंधारबाजू म्हणाल तर अंधारबाजूच."

"खणणार कोण?"

"मातुआ खणतील. नाहीतर शिकवतील."

म्हटलं, वरातीमागून घोडं. त्याला कळलं की नाही कोण जाणे, हो म्हणाला.

३१ जुलै, बुधवार

खणलं. मी खणलं! कंबर दुखतेय.

लॅक्लन, राविरी आणि मी, आम्ही तिघं गेलो, घळीच्या बाजूला, सुरक्षित मंद उतारावर. निघताना लॅक्लनने दोन डावे हातमोजे घातले होते, मी काही न बोलता एक बदलला. वाटेत त्याने "कुठे चाललोय?" असं एकदा विचारलं, तेही गमतीत असावं. पण फावडं हातात आलं आणि बर्फाची भिंत समोर उभी राहिली, की त्याचे हात त्याला विचारायला थांबेनात. भिंत गुळगुळीत कापली. बोटाने थर दाबत खाली गेला. "इथे मूठ शिरते. इथे चार बोटं. इथे एकच. इथे पेन्सिल. आणि आता..." त्याने माझं बोट धरून खाली नेलं. मूठच्या मूठ आत गेली, काही लागलंच नाही. साखर. जूनमधली, जशीच्या तशी, हातभर बर्फाखाली.

मग त्याने एक खांब कापून सुटा केला, त्यावर फावड्याचं पातं ठेवलं आणि माझा हात त्यावर आणला. "आधी मनगटातून. टिचकी मार, पाहुण्याच्या दारावर मारतेस तशी." मारल्या. काही नाही. "आता कोपरातून." तिसऱ्या थापेला अख्खा वरचा भाग टेबलाच्या खणासारखा सरकून माझ्या मांडीवर आला. मी किंचाळले. लॅक्लन हसून हसून बर्फात बसला. "कळलं?" म्हणाला.

"कळलं," मी म्हटलं. आणि खरंच कळलं होतं. तीस वर्षं त्याचे तळहात बघून जे कळलं नव्हतं ते.

मग तो उठला, सगळीकडे बघितलं आणि मला विचारलं, "ही कुठली बाजू?" परीक्षा घेत होता. मी म्हटलं, अंधारबाजू. त्याने मान हलवली, पण माझ्याकडे बघतच राहिला, आणखी काही सांगेन म्हणून. परीक्षा घेणारा माणूस असा बघत नाही. असं मला वाटलं आणि लगेच मी खाली वाकून फावडी गोळा करायला लागले. मला भीती वाटते. कशाची ते लिहायला बसले तर शब्द येत नाही.

राविरीने परत येताना त्याचा हात धरला होता, खरं तर वाट साधी होती.

१ ऑगस्ट, गुरुवार

पिप आज परत गेली. फाटकाशी म्हणाली, पुढच्या महिन्यात डॉक्टरची वेळ घेतलीय, मम, नाही म्हणू नकोस. मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. लॅक्लनने तिला सांगितलं, हाताला काय झालं, सांभाळून राहा. तिने त्याला एका हाताने घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, पडले होते, डॅड.

३ ऑगस्ट, शनिवार

आज बोलले.

लॅक्लनला काल दुपारी सांगितलं होतं, उद्यापासून थोडे दिवस मी रेडिओ घेते, तुझ्या घशाला आराम. तो म्हणाला, बरं. इतक्या सहज म्हणाला की मला वाईट वाटलं. भांडला असता तर बरं झालं असतं.

त्याला स्वयंपाकघरात पॉरिज वाढून दिलं, तिथला छोटा रेडिओ लावून ठेवला आणि बूटघरात जाऊन दार ओढून घेतलं. बटन दाबलं तर माझाच आवाज मला ओळखू येईना, जाड, मास्तरणीसारखा. म्हटलं, अंधारबाजूला पाऊल टाकू नका. बुधवारी स्वतः खणून बघितलंय, हातभर लादीखाली साखर आहे, कोपराच्या तिसऱ्या थापेला सुटली. मंद उतारावर सुटली, उभ्यावर तर विचारूच नका. ऊनबाजू सकाळी घट्ट आहे, दुपारनंतर उन्हाने मऊ पडेल, तेव्हा जेवणाआधी खाली या. बस्स. मग काय म्हणायचं असतं ते आठवेना, म्हणून म्हटलं, सांभाळून राहा.

एकेक जण उत्तर देत गेला. ऐकलं. ऐकलं, आभार. राविरी म्हणाला, "ऐकलं, आंटी. अगदी स्पष्ट."

मी खूश होते, खोटं कशाला लिहू. धावतच स्वयंपाकघरात गेले. लॅक्लन छोट्या रेडिओला कान लावून बसला होता, पॉरिजला हात लावला नव्हता. मी तोंड उघडणार तर त्याने बोट वर केलं, थांब म्हणून.

"नवीन बाई आहे आज," तो हळूच म्हणाला. "कुठून आणली कोण जाणे. पण बर्फ कळतो हिला. स्वतः खणलंय, ऐकलं की समजतं."

मी दाराशी उभी राहिले.

"नोएलीनला ऐकवायला हवं होतं," तो म्हणाला. "झोपली असेल अजून."

तीस वर्षं हा माणूस चेहऱ्याची सुरकुती न हलवता माझी टर उडवत आलाय. म्हणून मी वाट बघितली. आता हसेल, आता हसेल. पॉरिजवर साय धरली. तो माझ्याकडे बघून हसला, पण पाहुण्यांकडे बघून हसतो तसा, ओळख नसताना भलेपणाने हसतात तसा.

"कुणीतरी तिला सांगायला हवं," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी फार भीती वाटते. आणि चांगलं बोललीस असं कुणी सांगत नाही."

"मी सांगते तिला," मी म्हटलं.